सवाष्णीचं पान

माझी चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे शहाणपणा मिरवायची सोय राहणार नाही. मंगळसूत्र म्हणून काळी पोत मीच दिली होती. नागपूरच्या बर्डी बाजारात रस्त्याच्या कडेला टोपलीत मिळते तसली, खोट्या मण्यांची. कामिनी नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, "घाल वं. नाटक तर नाटक. खोली मिळाल्याशी मतलब."

कामिनी आणि मी लकडगंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचो. मला बावीस वर्षं झाली होती, तिला सात. हात माझ्यापेक्षा तिचा चांगला, हे मी कबूल करते. लहान मूल असो की सुकलेली म्हातारी, शीर सापडत नसली की सगळे तिलाच हाक मारायचे. रक्त देताना माणसं घाबरतात आणि घाबरली की बोलतात. सिरिंज भरेपर्यंत "मिस्टर काय करतात तुमचे?" हा प्रश्न येतोच. कामिनी सुई तसूभरही न हलवता सांगायची, "घटस्फोट झाला." मग समोरचा एकदम गप्प. मला तिचं ते फार आवडायचं. स्वतःबद्दल इतकं सरळ बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिच्या नवऱ्यानं, उन्मेषनं, तिला कधी मारलं नाही. दारूही नव्हती. असती तर लोकांना समजायला सोपं गेलं असतं. तो फक्त तिच्याशी बोलायचा नाही. महिना महिना नाही. डबा घ्यायचा, निघून जायचा, यायचा, मुलीशी खेळायचा आणि झोपायचा. पाच वर्षं भिंतीशी संसार केल्यावर कामिनीनंच कागद केले आणि त्यानं मुकाट्यानं सही केली. मुलगी अदिती आईकडे राहिली. बाप दर रविवारी तिला फोन करतो, अर्धा अर्धा तास बोलतो. बाप म्हणून तो वाईट नाही, हेही सांगायला हवं.

अदितीची शाळा एकला सुटायची आणि कामिनी सहाला घरी पोचायची. मधले पाच तास नऊ वर्षांची पोरगी कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकटी. एक दिवस ती पलंगावरून पडली, कपाळ फुटलं. पोरीनं टॉवेल दाबून धरला आणि तीन तास बसून राहिली. फोन हाताशी होता. आईनं विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?" तर म्हणाली, "तुझ्याकडे पेशंट असतात ना." दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हे सांगताना कामिनीच्या हातातली ट्यूब खाली पडून फुटली. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्याच सुमाराला आमच्या डॉक्टरांनी उमरेड, काटोल आणि सावनेरला कलेक्शन सेंटर काढायचं ठरवलं होतं. कोण जाईल, असं त्यांनी विचारलं. लहान गावात जायला कोणी तयार नव्हतं. कामिनीनं हात वर केला आणि तिला तीनपैकी कुठलंही निवडायची मुभा मिळाली.

तिनं भावनेच्या भरात काही केलं नाही. शाळा, सेंटर आणि खोली, तिन्ही दहा मिनिटांच्या पायी अंतरात हवीत. घरमालकीण दुपारी घरी असणारी हवी, म्हणजे पोरीचा आवाज ऐकायला कोणीतरी असेल. बस एवढंच. शेजार चांगला हवा, हवा चांगली हवी, असलं काही तिनं मागितलं नाही. आम्ही दोघी, अदितीला घेऊन, तीन रविवार एसटीनं फिरलो.

काटोलला घर छान होतं, मागे लिंबाचं झाड, शाळा समोरच. मालकानं चहा पाजला आणि मग विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" कामिनीनं सांगितलं. तो कपबशी उचलत म्हणाला, "आमी बॅचलरले देत नाही, मॅडम." नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसलेली आणि आई बॅचलर! मी तिथंच भांडणार होते, कामिनीनं हाताला धरून बाहेर काढलं. उमरेडला मालक हो म्हणाला, मालकिणीनं संध्याकाळी फोन करून नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिचा आवाजच पुरेसा होता.

त्या रात्री मी बर्डीवर गेले.

सावनेरला खोली मिळाली. यमुताईंच्या घराचा वरचा मजला, दोन खोल्या. यमुताई साठीच्या आसपास, दिवसभर घरी, मायाळू. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "पोरगी शाळेतून आली का माह्यापाशी येईन जेवाले, तू काळजी नोको करू." मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, शिफ्ट असते, सुट्टी मिळत नाही, असं कामिनीनं सांगितलं. ते वाक्यही मीच बसमध्ये पाठ करून घेतलं होतं. अदिती खिडकीशी बसून ऐकत होती. मला वाटलं, बाहेर पाहून राहिली आहे.

जून ते भाद्रपद, तीन महिने सुखाचे गेले. अदितीचं वजन वाढलं. फोनवर कामिनी हसायला लागली. यमुताईंच्या मिस्टरांची चौकशी तिनं एकदाच केली, तेव्हा "ते नागपूरले राहतात, कामासाठी" असं उत्तर मिळालं. आपल्यासारखंच उत्तर ऐकून तिनं पुढे विचारलं नाही.

मग महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. आमच्या घरी त्या बसत नाहीत. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे देव नाहीत. शेजाऱ्यांकडचं जेवण मात्र मी लहानपणापासून जेवले आहे. पण त्या पंगतीत सवाष्णीचं पान वेगळं असतं, तिचे पाय धुतात, ओटी भरतात, आणि ती जेवली की देवी जेवली असं मानतात, याचा त्या पोतीशी काही संबंध येईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हिंदू बाईच्या लगेच लक्षात आलं असतं. मी खोली बघितली, भाद्रपद बघितला नाही.

यमुताईंकडे दरवर्षी त्यांची पुतणी सवाष्ण म्हणून बसायची. त्या वर्षी जेवणाच्या दिवशी सकाळीच तिला अडचण आली. सोळा भाज्या चिरून झालेल्या, पुरण शिजलेलं, फुलोऱ्याच्या करंज्या देवीवर टांगलेल्या. यमुताई धावत वर आल्या. "कामिनी, आज तूच बस वं. देवीनंच तुले धाडलं."

कामिनीलाही अडचण आहे म्हणून सांगता आलं असतं. बायकांच्या जगात तेवढं एक वाक्य पुरतं, कोणी उलट विचारत नाही. मी नंतर तिला तेच बोलले, रागावूनच बोलले. ती म्हणाली, "सुचलं होतं, ताई. पण मले बसायचंच होतं. किती वर्षं झाली, कोणी पाट मांडून 'बस' म्हटलं नाही मले."

तर ती बसली. हिरवी साडी नेसून, तीच पोत घालून. यमुताईंनी तिचे पाय धुतले, हळद लावली, ओटी भरली. अदिती दारात उभी राहून बघत होती. कामिनीनं पहिला घास घेतला आणि तेवढ्यात यमुताईंचे मिस्टर पूजेच्या खोलीतून पंगतीत आले. वर्षातून एकदा, याच दिवशी, ते नागपूरहून यायचे. गोपाळराव त्यांचं नाव.

कामिनीनं त्यांना ओळखलं. नागपुरात ती दर तीन महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन शुगरचं रक्त काढायची. त्या घरी एक बाई होती, ती त्यांना चहा द्यायची, गोळ्या द्यायची, 'अहो' म्हणायची. ती बाई म्हणजे बायको, असंच कामिनी समजून होती.

गोपाळरावांनीही ओळखलं. माणूस दुष्ट नाही. उलट त्यांना खरोखर आनंद झाला. "अरे, तुम्ही! तुमचा तं घटस्फोट झाला होता ना? पुन्हा लग्न केलं वाटते! बरं केलं, लई बरं केलं."

पंगतीत पंधरा बायका. यमुताईंच्या हातात कढीचं भांडं. त्यांनी विचारलं, "पुन्हा लगन केलं का तू?"

हो म्हटलं असतं तरी निभलं असतं. एका अक्षराचं काम. पण कामिनीनं दारातल्या अदितीकडे पाहिलं, आणि तिच्यासमोर आणखी एक खोटं तिच्यानं बोलवेना. म्हणाली, "नाही."

कोणी ओरडलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "देवीचं जेवण बाटवलं." यमुताईंनी कढीचं भांडं खाली ठेवलं आणि पान उचलून नेलं. कामिनीचा हात तसाच पुरणानं भरलेला. तिनं तो वर जाऊन धुतला.

आता माझं डोकं कुठं फिरतं ते सांगते. ज्या माणसानं वीस वर्षं दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं, तो पूजेला बसला. त्याची बायको त्याच नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावून वाढत होती. साऱ्या सावनेरला हे ठाऊक. तिथं काही बाटलं नाही. आणि जिनं तेच दुःख कागदावर लिहून संपवलं, तिचं पान उचललं. कामिनीनं गोपाळरावांच्या नागपूरच्या घराबद्दल एक शब्द काढला नाही. मी असते तर पंगतीसमोर सगळं काढलं असतं. ती म्हणाली, "पेशंटचं घर बाहेर बोलायचं नसते, ताई. तुम्हीच शिकवलं."

संध्याकाळी यमुताई वर आल्या. कामिनीला वाटलं, खोटं बोललीस म्हणून रागावतील. तिनं माफी मागायला तोंड उघडलं. पण यमुताईंना खोट्याचं काही नव्हतंच. त्यांचे डोळे लाल होते.

"माह्या नवऱ्यानं काय केलं, तुले माहीत असंन. साऱ्या गावाले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वीस वर्ष झाले. मी केला का कागद? मले नाही का करता आला? मी सोसलं ना? मंग तू काहून नाही सोसलं?"

कामिनीकडे उत्तर होतं, पण ते देऊन त्या बाईची वाया गेलेली वीस वर्षं तिला त्या बाईच्याच पदरात टाकायची नव्हती.

"मेला असता तं गोष्ट वेगळी होती," यमुताई म्हणाल्या. "विधवेले मी पोटाशी धरलं असतं. तिचा काय दोष? तू तं जित्या नवऱ्याले सोडून आली." मग दारात थांबून म्हणाल्या, "रविवारपर्यंत खोली खाली करून दे." अदिती गृहपाठाची वही घेऊन तिथंच बसली होती. त्या दिवसापासून तिचं दुपारचं जेवण खाली बंद झालं.

रविवारी मी पहिल्या एसटीनं गेले. शाळा सुरू झालेली, सेंटर चालू झालेलं, गाव सोडून जाणं शक्यच नव्हतं. त्याच गावात खोली शोधायची होती. कामिनीनं पोत काढून टाकली होती. म्हणाली, "आज जे आहे ते सांगायचं, ताई. पोरगी ऐकून राहिली आहे, हे मी विसरलीच होती. नाही मिळाली खोली तर सेंटरमध्ये झोपू." मी म्हटलं, "बरोबर." पहिल्यांदाच तिच्या बोलण्यापुढे माझं डोकं चालवलं नाही.

पहिल्या दोन घरी तिनं खरं सांगितलं आणि आम्ही पाच पाच मिनिटांत बाहेर आलो. एका ठिकाणी तर यमुताईंकडची गोष्ट आमच्या आधी पोचली होती.

तिसरं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिजाबाई नावाच्या म्हातारीचं. मुलं पुण्याला, ती एकटी. अंगणात बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि कामिनीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहून विचारलं, "घरधनी कुठं आहे बाई तुहा?"

कामिनी तोंड उघडणार, तेवढ्यात अदिती पुढे झाली. मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाली, "माझे बाबा वारले. तीन वर्षं झाली."

म्हातारीच्या हातातलं सूप खाली गेलं. "अरे माह्या लेकरा," असं म्हणत तिनं पोरीला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला. भाडं विचारलं तर म्हणाली, द्याल ते द्या. माणसं काय, येतात अन् जातात, पोरीले मी सांभाळीन, तू बिनघोर कामाले जा.

दोघींना खरं सांगायला भरपूर वेळ होता, चांगला अर्धा तास. आम्ही चहा प्यालो आणि खोलीची किल्ली घेतली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर कामिनीनं अदितीचा दंड धरून तिला थांबवलं. "काहून म्हटलं तसं? कोणी शिकवलं तुले?"

अदितीनं एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. घाबरली नव्हती. उलट समजूत घातल्यासारखं बोलली.

"रूम मिळाली ना? आणि बाबांचा फोन आला तर मी गच्चीवर जाऊन बोलत जाईन. हळू."