आण्णांची बिनपगारी ड्युटी

गडहिंग्लजच्या स्टँडवर आण्णा, माझे वडील, मला सोडायला आले ते रात्रपाळी करून, साखर कारखान्यातून थेट. अंगाला मळीचा वास तसाच होता. मुंबई पोलिसात माझी भरती झाल्याचं वस्तीत सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे निरोपाला निम्मी गल्ली हजर. आई पदर तोंडाला लावून उभी. आण्णांनी पेटी टपावर चढवून घेतली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "खाकी घातलीस म्हणून माणसांवर वरडायचं न्हाय. रांगंत हुबं ऱ्हायलेलं माणूस आपल्याच घरातनं आलंय असं समज."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याआधी मी गावाकडे होमगार्डमध्ये होतो. जत्रेत, मिरवणुकीत काठी घेऊन उभं राहायचं, भत्ता मिळाला तर मिळाला. आण्णा मला चिडवायचे, "मीबी होमगार्डच की, बिनपगारी." ते खरंच होतं. दरवर्षी सहा डिसेंबरला आमच्या वस्तीचा ट्रक दादरला चैत्यभूमीला जायचा आणि आण्णा त्यातले स्वयंसेवक. पांढरा शर्ट, निळी टोपी, गळ्यात शिट्टी. दर्शन घेऊन मोकळं व्हायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पाणी वाटायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत लावायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटणीची जागा झाडूनच ट्रकमध्ये चढायचं, ही त्यांची रीत.

मुंबईत आल्यावर मला पहिल्याच वर्षी तिथला बंदोबस्त लागला. बाप-लेक आता वर्षातून एकदा तरी हमखास भेटणार म्हणून मी खूश होतो. आण्णा दिसले तेव्हा जवळ आले, बिल्ल्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आलास व्हय? बरं झालं. ती तिकडची रांग फुटाय लागलीया, बघ जरा." मी गेलो. परत येईपर्यंत ते गर्दीत दिसेनासे झाले होते.

लग्न झालं, वरळीला क्वार्टर मिळालं. एक खोली आणि बाहेर सामायिक गॅलरी, पण आमची. दादरहून बसने थोड्याच अंतरावर. आण्णांनी एकदा तिथं यावं, बसावं, जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. ते हरखून म्हणायचे, "येतो की. हे आवरू दे." पण झाडून झालं की ट्रक निघायचा आणि माझा रिलीफ, म्हणजे माझ्या जागी येणारा शिपाई, त्यानंतर कधीतरी उगवायचा. एका वर्षी माझी बायको सुनीता स्वतः मैदानावर त्यांना न्यायला गेली. तिला म्हणाले, "पोरगा उनात हुबा, आन् मी त्येच्या घरात बसून जेवू व्हय? त्येची ड्युटी सुटू दे. त्येच्यासंगंच उंबरा वलांडीन." ती हात हलवत परत आली. सकाळी थापलेल्या भाकरी आम्ही दोघांनी संध्याकाळी खाल्ल्या.

तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला वाटायचं, हा मुंबईचा साहेब झाला, आता कशाला येतोय. आणि तुम्ही जे माझ्यासारखे भरती होऊन इकडे आलात, तुम्हाला सांगायला नकोच. सगळ्या शहराचा सण आपण राखायचा, आणि आपल्या घरचा फोनवर ऐकायचा. सुट्टीचा अर्ज दिला की साहेब हसायचे. साहेबांनाही सुट्टी नव्हती, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर.

आण्णा गेले ते गणपतीत, माझा विसर्जनाचा बंदोबस्त असताना. निरोप आला, सुट्टी मिळाली, मी पोचलो तेव्हा माती आटपून माणसं दारात बसली होती. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पुन्हा त्याच बॅरिकेडला. पांढरे शर्ट, निळ्या टोप्या दिसल्या की मान आपोआप वळायची. धोंडूतात्या, आण्णांच्या बरोबरीचे, लांबून हात करून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटी सुटली आणि मी घरी आलो तर गॅलरीत पाणी सांडलेलं आणि सुनीता घासलेली ताटं पुसत बसलेली. शेजारपाजारची ताटं, पातेलीसुद्धा होती.

"ट्रक इकडंच आला होता," ती म्हणाली. "सगळी वस्ती. तात्या म्हणाले, आण्णांनी सांगून ठेवलंतं, पोराची ड्युटी काय सुटायची न्हाय. मी गेलो तर तुम्ही तरी त्येचं घर बघून या."

खोलीत मावेना म्हणून गॅलरीत पंगत बसली म्हणे. होतं नव्हतं ते तिने रांधलं, शेजारणींनी भर घातली. म्हाताऱ्यांनी खुंटीवरच्या माझ्या दुसऱ्या वर्दीला हात लावून बघितला. बराच वेळ माझी वाट बघत थांबले. मग ड्रायव्हरने घाई केली. तात्या उंबऱ्यावर थांबून रडले, तेवढं सुनीताने शेवटी सांगितलं.

मी बूट न काढता तसाच बसून राहिलो. घर कुठं तुमचं, असं अजून लोक विचारतात, मी गडहिंग्लज सांगतो, कधी वरळी. खरं सांगायचं तर जिथं माणसं माझी वाट बघून निघून जातात, ते माझं घर. पूर्वी असं एकच होतं. त्या दुपारी दुसरं झालं.