हिराअक्काची जीभ

पिंपळनेरहून हिराअक्काच्या मंदाचा फोन आला तेव्हा मी जळगावला, लेकाच्या घरी, गॅसजवळ उभी होते. "मावशी, माय गयी," एवढंच ती म्हणाली. हातातला चमचा तसाच राहिला... त्या दिवशीची अळणी भाजी घरात सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. त्याला आता दीड महिना होत आला. हिराअक्का पंचाऐंशी ओलांडून गेली, झोपेत गेली. रडारड करण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. पण तिची एक गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आले. अर्ध्या गोष्टीत मी जरा बरी दिसते, म्हणून. आज पुरी सांगते.

साठचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याहून लग्न होऊन धुळ्याला आलेली, नवरा हायस्कुलात मास्तर. मी इंटर सायन्स पास, दुसऱ्या खेपेला. पण दुसरी खेप मी कुणाला सांगत नसे. गल्लीतल्या वैद्यआबांच्या रसशाळेत मला नोंदवही लिहायचं काम मिळालं. तिथलं द्राक्षासव खानदेशभर जायचं. मनुका, गूळ, मध आणि धायटीची लाल फुलं मोठाल्या चिनी बरण्यांत घालून महिनाभर आंबवत ठेवायची, मग गाळून बाटल्या भरायच्या. दिवस दारूबंदीचे. सासूबाईंनी अट घातली, "रोज घरी आलीस की आधी तोंडाचा वास द्यायचा." मी रोज उंबऱ्यात उभी राहून 'आ' करायची. शेजारणी बघायला जमायच्या.

अक्का तेव्हा तिशीची. लवकर विधवा झालेली, पदरात एक मुलगी, मंदा. अक्काचा बाप पिंपळनेरकडच्या जंगलातून धायटीची फुलं आणून रसशाळेला द्यायचा. त्या गाठोड्यांबरोबर ती आली आणि आबांना तिची जीभ सापडली. बाटल्या भरायच्या दोन दिवस आधीपासून ती मिरची-कांदा सोडायची, दूध-भाकरीवर राहायची. बरणीचं झाकण काढून आधी कान लावायची. आत बारीक चरचर चालू असली तर म्हणायची, "हाई आजून बोलस." मग तळहातावर चार थेंब घेऊन एक जिभेच्या टोकावर. कच्चं आसव टोचतं; तयार झालेलं गप्प उतरतं, त्याचा गाळही तळाला बसलेला असतो. मी आपली काडी पेटवून बरणीत सोडायची. विझली तर आंबणं चालू, हे शास्त्र. त्यावर मी तिला कर्बवायूचं व्याख्यानही द्यायची. ती शांतपणे म्हणायची, "बाई, तुन्ही काडी विझनी. मन्ही जीभ नही विझत."

त्या हिवाळ्यात आबांचा पुतण्या, भाऊसाहेब, मुंबईहून शिकून आला. बरोबर आसव किती आंबलं ते मोजायची काचेची नळी. "औषधाचा कारखाना आहे हा काका, चाखून बघायला पंगत नाही." शेवटी ठरलं असं, की या खेपेला अक्काच्या जिभेवर बाटल्या भरायच्या. एक जरी बिघडली तर अक्का हौदावर. हौद म्हणजे बाटल्या धुवायची जागा, मागच्या अंगणात, उघड्यावर. धुळ्याची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

बारा बरण्या होत्या. थंडीमुळे आंबणं मंद चाललेलं. अक्काने एकेक ऐकली, चाखली. मी वही घेऊन मागे. शेवटच्या बरणीपाशी आबांनी वरून हाक मारली. निघता निघता, तोंडावर पदर धरून, ती मला म्हणाली, "बठनं तेच भरा." म्हणजे, जे बसलं आहे, निवळलं आहे, तेवढंच भरा.

आता माझी हुशारी ऐका. धुळ्यात आल्यापासून मी एका चोपडीत अहिराणी शब्द टिपून ठेवत होते आणि पहिल्याच पानावर होतं, बठ्ठं म्हणजे सगळं. तो शब्द मला येतो याचा केवढा तोरा! मी ऐकलं, "बठ्ठंच भरा." वहीत झोकदार अक्षरात लिहिलं, 'सर्व बरण्या भराव्यात. सांगणार हिराअक्का.' बारीक शंका आली होती. तीन बरण्यांत माझी काडी विझली होती ना! पण विचारायला गेलं तर मला अहिराणी येत नाही असं झालं असतं...

तिसऱ्या दिवशी दुपारी कोठीतून आवाज आला, फट्. मग दुसरा. बुचं उडत होती. जळगावच्या शेठजींचा ट्रक संध्याकाळी यायचा होता आणि एका खोक्यात एकाच बरणीच्या बाटल्या असल्या तरी खोकी सगळी मिसळून रचलेली. भाऊसाहेबांनी वही मागवली, मोठ्याने वाचली. "अक्का, हे तुम्ही सांगितलंत?"

अक्काला वाचता येत नव्हतं. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. "लिखेल शे ना?" ती म्हणाली. "मंग मी तसंच सांगेल व्हई."



अक्काने एक पोतं भिजवलं, डोक्या-खांद्यावर घेतलं आणि कोठीत शिरली. प्रत्येक खोक्यातली एक बाटली उघडून, चाखून, कच्ची बाजूला काढायची, एवढाच मार्ग होता. मीही मागून गेले. धैर्याने नव्हे, बाहेर सगळ्यांच्या नजरेसमोर उभं राहवेना म्हणून. अंधारी कोठी, काच फुटायची भीती, डोक्यावरून सणसणत जाणारं बूच. आत मी रडत म्हटलं, "अक्का, तुम्ही 'बठनं' म्हणालात ना?"

"माले माहीत शे."

"मी बाहेर जाऊन सांगते."

"तुन्हा नवा संसार शे. सासू आधीच वास लेस. आते गप र्‍हाय आणि ती बाटली धर. दूर धर व माय, डोया जाई तुन्हा!"

ट्रक निघेपर्यंत खोकी निवडून झाली. ती चुकली नाही, एकाही खोक्यात. तरी दुसऱ्या दिवसापासून अक्का हौदावर.

आजवर सांगितलेल्या गोष्टीत मी इथे लगेच जाऊन खरं सांगते. खरं म्हणजे मला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी खिडकीतून तिचे हात बघत होते. बोटं चिरली होती, बाटलीला रक्त लागायचं, ती बाटली पुन्हा धुवायची. बाराव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे जीभ बरोबर होती आणि कान चुकला?" आबा एवढंच म्हणाले, "मग कानाला धाडा हौदावर." मी गेले. महिनाभर धुतल्या बाटल्या. अक्का पुन्हा बरण्यांपाशी. माझी वही मला परत मिळाली ती तिनेच सांगितल्यावर, पण एका अटीवर. मी काहीही लिहिलं की ती समोर बसायची, "वाची दाखाड." मी वाचायची. ती डोळे मिटून ऐकायची, शब्द न् शब्द, मगच उठायची.

दहाव्याला मी पिंपळनेरला गेले होते. मंदाने फोटोखाली लावायच्या चार ओळी मला लिहायला सांगितल्या. कागदपत्रांत रसशाळेचा जुना दाखला निघाला. त्यावर तिचं काम लिहिलं होतं, 'बाटली धुणारी'. चाखणारी असा हुद्दाच कधी नव्हता, त्यामुळे आयुष्यभर ती कागदावर हौदावरच राहिली होती. मंदा म्हणाली, "मावशी, हाईच लिखूत का?"

मी लिहिलं, 'हिराबाई. रसशाळेत आसव चाखून पारखणारी.' मग खोलीभर बायका बसल्या होत्या त्यांच्यासमोर ते मोठ्याने, सावकाश वाचून दाखवलं.

"बरोबर शे," मंदा म्हणाली.