साडूंचा ओव्हन येळवशीला जातो

जगात भाज्या दोनच प्रकारच्या असतात, भाजलेल्या आणि वाया गेलेल्या, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस उभ्या परंडा तालुक्यात सापडेल आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते पारावर बसून सरकारला शिव्या घालतील, अशी आमची माफक अपेक्षा होती. पण पुण्याच्या लेकीनं आपला जुना ओव्हन बापाकडं पाठवला आणि सरकार वाचलं.

थंडी पडली की रताळी, गाजरं, फ्लॉवर, लसणाचे अख्खे गड्डे, सगळ्यांना त्यांच्या घरी एकच वाट. करडईचं तेल, मीठ, तीळ आणि जरासा ठेचा चोळायचा, ट्रेमध्ये पसरायचं, दार लावायचं. मग साडू पाटावर बसून काचेतून असे आत बघत राहतात, जणू आत क्रिकेटची फायनल चाललीय. "पाणी घालायचं न्हाय, ढवळायचं न्हाय," ते बजावतात. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, एकदा वैतागून म्हणाली, "मंग तुमी करता तरी काय?"

"वाट बघतो. तेच लई अवघड आसतंय."

मी तापानं फणफणलो होतो तेव्हा भेटायला आले, कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, वरून तापलाव, पण मधून कच्चंच हाय."

अशा माणसानं येळवशीला ओव्हन शेतात नेणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा सासुरवाडीत भूकंप झाला. येळवस म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण. कडब्याच्या खोपटात, म्हणजे कोपीत पूजा, आंबील आणि सतरा भाज्यांची भज्जी. त्या भज्जीशेजारी दुसरी भाजी? सासुरवाडीच्या गावी, ईटला, आमचे सासरे नुसते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" ऐकून बैलसुद्धा जागेवर थांबतात. आक्कानं मात्र सरळ अट घातली, "बाबांनी खाल्लं तर ठीक. न्हायतर ओव्हन माळ्यावर. कायमचा."

ओव्हन मोटेच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत बसला. साडूंनी वायर जोडली, ट्रे आत गेला, बटण फिरलं, आतला दिवा लागला आणि लाईट गेली. शेताची लाईट ती. गेली ती गेलीच. मेहुणे खदाखदा हसले. सासऱ्यांनी भज्जीचं पातेलं पुढं ओढलं.

साडूंनी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला. मग तरातरा हुरड्याच्या आगटीकडं गेले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा लालभडक आर होता. त्यांनी तो फावड्यानं बाजूला ओढला, ट्रे खड्ड्यात ठेवला, वर पत्रा आणि पत्र्यावर पुन्हा आर. "ओव्हन म्हंजी काय रं? खालून जाळ आन् वरून जाळ!" एवढं बोलून ते मातीतच मांडी घालून बसले. या वेळी बघायला काचही नव्हती.

पत्रा उघडला तेव्हा रताळ्यांच्या कडांना पाक सुटला होता, फ्लॉवर तांबूस झाला होता आणि लसणाच्या वासानं शेजारच्या रानातली माणसं बांधावर आली. सासऱ्यांनी एक फोड उचलली. चावली. मग त्यांनी ताट पुढं केलं, "वाढ की अजून." मेहुण्यांनी तर ट्रे भाकरीनं पुसून काढला, आणि साडू कोपीभोवती निवडून आलेल्या सरपंचासारखे फिरू लागले.

आक्कासाठी त्यांनी एक वाटा आधीच झाकून ठेवला होता. ती आदल्या रात्रीपासून चुलीपुढं, वाढतानाही उभीच. तिला हाताला धरून कोपीच्या सावलीत बसवलं आणि ताट पुढ्यात ठेवलं. ती सावकाश खात राहिली.

"लगीन झाल्यापास्नं येळवशीला दुसऱ्याच्या हातचं आजच खाल्लं बगा," ती म्हणाली.

साडू तिच्या शेजारी बसले आणि ज्वारीतून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून तिला आडोसा देत राहिले.