बिनअक्षरी पाच दगड

नवऱ्याचं ऑफिस अमेरिकेतल्या कॅरी शहरात, पण घर आम्ही तिथून पाऊण तासावरच्या खेडवळ काउंटीत घेतलं होतं. साल दोन हजार चार. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि घरी बसून भिंतींकडे बघत राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी काउंटीच्या लायब्ररीत जाऊ लागले. स्थानिक इतिहासाच्या खोलीतली जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायची, बिनपगारी. मी भूगोलाची एम.ए.; नकाशा समोर आला की माझी तहानभूक हरपते.

दर मंगळवारी तिथं एक आजोबा यायचे. जन्मभर त्यांनी या काउंटीत टपाल वाटलेलं. कुठला रस्ता पूर्वी कुणाच्या शेतातली पायवाट होता, सगळं तोंडपाठ. सापडत नव्हती ती एकच जागा, त्यांच्या आजीची कबर. तिनंच त्यांना वाढवलं होतं. ती गेली तेव्हा ते सहा वर्षांचे. दुसऱ्याच्या जमिनीत राबणारी माणसं, तिथंच एका कोपऱ्यात पुरलेली, कागदावर नोंद नाही. आता ती जमीन एका बिल्डरनं घेतली होती आणि उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघणार होतं. कबरी दाखवता आल्या तर तेवढी जागा सोडावी लागणार होती, नाहीतर बुलडोझर.

"ओढा ओलांडून गेलो होतो, एवढं आठवतं," ते म्हणायचे. ओढ्यापलीकडचं रान त्यांनी दोन हिवाळे पालथं घातलं होतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी म्हटलं, आठवेल ते सांगा, मी टाइप करते. ते सांगू लागले. सीडरचं झाड. बिनअक्षरी दगड. "आणि निळ्या फुलांचा वेल. आमच्याकडे कबरींवर तोच लावतात. थंडीतही हिरवा राहतो, पाणी घालायला कुणी नसलं तरी जगतो."

माझी बोटं थांबली. आमच्या घरामागचं रान त्याच जमिनीचा तुकडा होता, पण ओढ्याच्या अलीकडचा. तिथं महिनाभर अशीच फुलं फुलली होती, दिसायला थेट आपली सदाफुली. मी रोज आंघोळ करून ओंजळभर तोडून आणत होते आणि गणपतीला वाहत होते.

घाईघाईनं जुना नकाशा काढला. आजोबा लहान असतानाच वरच्या अंगाला तळं बांधलं गेलं आणि ओढ्यानं पात्र बदललं होतं. पूर्वी तो आमच्या कुंपणाला लागून वाहत होता, म्हणजे आमच्यामागचं रान तेव्हा ओढ्यापलीकडे होतं. एवढे दिवस तो नकाशा लायब्ररीतल्या माझ्याच कपाटात होता. कसली डोंबलाची एम.ए.! आजोबांना मी नकाशावर जागा दाखवली, फुलं तोडल्याचं मात्र गिळलं.

"यार, तू बाप्पाला डायरेक्ट कबरस्तानातली फुलं वाहिलीस?" संध्याकाळी नवरा पोट धरून हसला. सासूबाईंना हे अजून माहीत नाही. पण देवापेक्षा मला आजोबांचीच लाज वाटत होती. त्यांच्या आजीच्या उशाशी वाढलेली फुलं मी न विचारता ओरबाडली होती.

शनिवारी काउंटीचा माणूस आला. वेल बाजूला सारल्यावर गुडघ्याएवढे पाच दगड निघाले. त्यानं भोवती नारिंगी फीत बांधली आणि रस्ता वळवावा लागेल असं लिहून घेतलं. आजोबांनी टोपी काढली. मग ते एकेका दगडावर हात ठेवत फिरले, पुन्हा फिरले, आणि मधेच उभे राहिले.

"यातली ती कुठली, तेच मला आठवत नाही," ते म्हणाले.

तो चेहरा मला बघवेना. आता लपवण्यात काय अर्थ होता? मी सगळं सांगून टाकलं, रोजची ओंजळ, गणपती, सगळं. हात जोडून माफी मागितली. ते रागावतील असं वाटलं होतं.

"कुठल्या दगडापाशी तोडत होतीस?"

मी सीडरखालच्या, कडेच्या दगडाकडे बोट दाखवलं. तिथंच फुलं सगळ्यात जास्त असत.

ते त्या दगडाला टेकून हळूहळू खाली बसले. "मग हीच ती," ते म्हणाले. "दारी आलेल्याला ती रिकाम्या हातानं कधी जाऊ द्यायची नाही."