थोरल्याच्या कानात

"तू त्याच्या कानात नेमकं काय सांगितलंस?"

"जे होतं ते."

"जे होतं ते सांगायचं नसतं गं बाई, आलबेल सांगायचं असतं!"

"आणि आलबेल नसेल तर?"

"नसेल तर हमखास!" जमादारांनी टेबलावर हात आपटला. चहाचा पेला उडाला आणि बशीत आडवा झाला. "बाहेर बघ. बघ म्हणतो ना! काय दिसतंय?"

टकळीने चौकीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चौथरा."

"चौथऱ्यावर काय आहे?"

"काही नाही."

"काय असायला हवं?"

"थोरला," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. जमादारांचा चेहरा पाहून तिने ते कसंबसं गिळलं.

थोरला म्हणजे वेशीवरचा दगडी कुत्रा. घोड्याएवढा उंच, कान टवकारलेले, नाकाचा शेंडा पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेला. पहाऱ्यावर येणाऱ्या शिपायाने आधी त्याच्या कानाशी वाकून आदल्या दिवसाची खबर सांगायची, ही या शहराची जुनी रीत. शहरात खरंच काही बिघडलं, तर थोरला उठून तिथे जातो, असं म्हणत. त्याला उठलेला पाहिलेलं मात्र हयात कुणी नव्हतं. त्यामुळे जुने शिपाई कानाशी वाकायचेसुद्धा नाहीत. लांबूनच "आलबेल" म्हणायचे आणि पहिली तपकीर ओढायचे.

टकळी नवी. उमेदवारीचा महिना चाललेला. तिची आई लोहारकाम करायची, शहरातल्या निम्म्या दारांना तिच्या हातच्या कड्या. पोरीने भाता धरावा अशी तिची इच्छा, पण पोरीला भात्यासमोर बसवलं की भाता कमी आणि पोर जास्त वाजायची. शेवटी आईनेच कंटाळून सांगितलं, "जा बाई, वेशीवर जा. तिथे तरी येणारे-जाणारे ऐकतील." टकळी लहानपणापासून हेच मागत होती. निळा पट्टा कमरेला बांधायचा आणि वेशीत उभं राहायचं, बास. आज दुपारी नगरपाल येऊन उमेदवारांना पट्टे बांधणार होते. आणि नेमका आजच थोरला जागेवर नव्हता.

कारण टकळी रोज खबर सांगायची ती अगदी सविस्तर. कोणत्या गाडीचं चाक निखळलं, भाजीवाल्या दोघी जावा कशावरून भांडल्या, सगळं. थोरला ढिम्म. आज मात्र तिने सांगितलं होतं, "उत्तरेच्या चोरदाराला कडीच नाही रे. पहाऱ्यावरचा पेंगूळ दाराला झाडू टेकवून झोपतो. आणि त्या गल्लीतल्या लोकांचे आवाज बसलेत. वैद्य गुळण्या करा म्हणतो, पण मला वेगळंच वाटतंय."

एवढं झालं आणि थोरल्याने कान हलवला. मग उठला, अंग झाडलं, शेवाळाचा पाऊस पाडला आणि खडाखडा चालत उत्तरेकडे निघून गेला.

"नगरपाल यायच्या आत तो मला चौथऱ्यावर पाहिजे," जमादार म्हणाले. "त्याच्याजवळ जायचं, कानात आलबेल म्हणायचं, परत आणायचं. नाहीतर तुझा पट्टा खुंटीलाच राहील. समजलं?"

"समजलं. पण खोटं नाही सांगणार."

"तुझ्या आईने तुला—"

"आईनेच शिकवलंय हो."

दोघं उत्तर गल्लीत पोचले, तर थोरला चोरदारात आडवा पसरलेला. दार त्याच्या पाठीला टेकून अर्धवट उघडं, फटीतून पांढरं धुकं आत यायला बघतंय आणि त्याच्या अंगाशी येऊन अडतंय. पेंगूळ आयुष्यात पहिल्यांदा टक्क जागा होता, भिंतीला चिकटून.

"तुम्हीच सांगा ना त्याला," टकळी म्हणाली. "तुम्ही मोठे."

जमादारांनी टोपी काढली, घसा खाकरला, वाकले. "आलबेल."

थोरल्याने तोंड फिरवलं.

"आलबेल, म्हटलं ना! सगळं आलबेल!"

थोरला शिंकला. दगडाची बारीक धूळ जमादारांच्या मिशीभर बसली. टकळीने पटकन भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात दाराबाहेरून, धुक्यातून, कुणीतरी हाक मारली. "पाव घ्याऽ! ताजे पाव! ए ताई, पाव घे की!"

जमादार सरळ झाले. "हा बेकरीवाला बाहेर कशाला गेला मरायला?"

"बेकरीवाला हा काय इथे बसलाय," टकळीने बोट दाखवलं. समोरच्या पायरीवर बेकरीवाला गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. त्याने स्वतःच्या गळ्याकडे, मग दाराकडे हात केला. डोळ्यांत पाणी. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता.

भिंतीबाहेरच्या रानात धुकेरे राहतात, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दार उघडं मिळालं की ते आत शिरतात आणि झोपलेल्यांचे आवाज उचलून नेतात. माहीत सगळ्यांना होतं, पण भिंत होती, दारं होती, कड्या होत्या, म्हणून कुणी त्याचा विचार करत नव्हतं.

जमादारांचा रंग उडाला. "आता गं?" ते हळूच म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी तिला काही विचारलं होतं.

टकळी थोरल्याच्या मानेवर चढली. "ऐक," ती त्याच्या कानात म्हणाली, "आवाज बेकरीवाल्याचा आहे, बोलणारा दुसराच आहे. त्याच्याकडे असे बरेच असतील. सगळे परत हवेत."

थोरल्याने मान फटीतून बाहेर घातली आणि गुरगुरला. गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. बाहेर धावपळ, धडपड, कुणीतरी कळवळलं, आणि मग वाऱ्याच्या झोतासारखं काहीतरी टकळीच्या कानावरून सुर्रकन आत गेलं.

"अरे माझ्या भट्टीत पाव जळतायत!" बेकरीवाला ओरडला, आणि स्वतःचंच ओरडणं ऐकून मटकन खाली बसला. वरच्या खिडकीतून एका सासूने महिन्याभराचं साठलेलं सुनेला सुनवायला सुरुवात केली. सूनही मागे राहिली नाही. गल्ली दणाणून गेली.

टकळीचा निरोप मिळाल्यावर आई हत्यारांची पेटी घेऊन आली ती कुरकुरतच. "सकाळी सकाळी बोलावणं. काय गं, काय मोडलंस?" मग चौकटीवर बोट फिरवून थांबली. टकळीला जवळ ओढून हलकेच म्हणाली, "ही कडी तुटलेली नाही. स्क्रू नीट फिरवून काढून नेलीय. माझीच घडण होती, पानाच्या आकाराची."

"मग गेली कुठे?"

"परवा जमादारांच्या घरी बिजागरी बसवायला गेले होते. त्यांच्या न्हाणीघराच्या दाराला बघितली. म्हटलं, माझ्यासारखं काम करणारं दुसरं कोण निपजलं!" आईने नवी कडी ठोकायला घेतली. "मी काही बोलले नाही हो."

कडी बसली. टकळीने ती तीनदा ओढून पाहिली, मग थोरल्याकडे वाकली. "कडी बसली. आवाज आले. पेंगूळ जागा आहे, निदान आत्ता तरी. आता आलबेल."

थोरला उठला आणि आला तसा खडाखडा परत निघाला.

नगरपाल आले तेव्हा तो चौथऱ्यावर होता. पंजांना ओला चिखल होता, पण नगरपालांचं लक्ष पट्ट्यांकडे. टकळीसमोर येऊन त्यांनी जमादारांना विचारलं, "ही कशी आहे?"

"तोंडाळ आहे," जमादार म्हणाले.

"म्हणजे नको?"

जमादारांनी मिशीतली धूळ झटकली. "मी तोंडाळ म्हणालो. नको म्हणालो नाही."

पट्टा बांधला गेला. थोडा सैल होता, पण टकळी अशी ताठ उभी राहिली की तो जागच्या जागी बसला.

नगरपालांची बग्गी वळणाआड गेल्यावर जमादारांनी तिला चौकीत बोलावलं. दार लोटून घेतलं. आवाज गोड केला.

"हे बघ पोरी, पट्टा तुला मिळाला. शोभतोही. पण तू अजून नवी आहेस. कुठली खबर सांगण्याजोगी, कुठली नाही, ते कळायला वेळ लागतो. तेव्हा उद्यापासून थोरल्याच्या कानात मीच सांगत जाईन. तुला तेवढाच ताप कमी."

"हरकत नाही," टकळी म्हणाली. "तुम्ही मोठे. वाकून, नीट कानात सांगाल?"

"सांगेन की."

"सगळं?"

"सगळं, सगळं."

"मग उद्या एवढं मात्र सांगा त्याला." तिने पट्टा सारखा केला आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. "उत्तरेच्या दाराची जुनी कडी सध्या कुणाच्या न्हाणीघराला आहे?"

जमादारांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर उलटी घातली, दार उघडलं आणि बाहेर पडले.