लाट येणार!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सोसायटीत एक समिती नेमायची, तिच्या हातात माइक द्यायचा आणि उन्हाळ्याची वाट बघायची. बाकी सगळं आपोआप होतं. आमच्या दहिसरच्या सोसायटीतल्या सुरक्षा समितीत तीनच माणसं. पण होळी ते मे एवढ्या काळात तिने जेवढे किस्से दिले, तेवढे माझ्या ऑफिसने पंचवीस वर्षांत दिले नाहीत.

मी समितीत कशी आले? जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये पंखा वाढवा म्हणून हात वर केला. नेमके त्याच क्षणी चेअरमन गोखले विचारत होते, "समितीवर यायला कोण तयार आहे?" टाळ्या पडल्या. पंखा शेवटपर्यंत कोणी वाढवला नाही.

गोखले बँकेतून रिटायर झालेले. लेखी सूचनेशिवाय त्यांचं पान हलत नाही. आमटीत मीठ कमी असलं तर ते वहिनींना चिठ्ठी देत असावेत, असा आमचा संशय आहे. तिसरे सावंतकाका. मूळचे मालवणकडचे, अंधेरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्यांचा गळा असा झालाय की माइक आपला नुसता शोभेला.

*

पहिला किस्सा होळीनंतरचा. हवामानाचा इशारा आला आणि गोखल्यांनी बोर्डावर नोटीस लावली. वर ठळक अक्षरांत, "लाट येणार! सर्वांनी सावध राहावे." खाली बारीक अक्षरांत उष्णता, ताक, लिंबूपाणी, सुती कपडे वगैरे.

सावंतकाकांचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला गेलेला. त्यांना फक्त ठळक अक्षरं दिसली.

आता आमची सोसायटी नदीला पाठ लावून बसलेली. तळमजल्यावाल्यांनी एका पावसात कमरेएवढं पाणी पाहिलेलं. काकांनी माइक घेतला, "लाट येणार आहे! तळमजल्यावाल्यांनी सामान वर घ्या!" कोणी विचारलं नाही, की बाबा, मार्च महिन्यात नदीत म्हशीला बसायला पाणी नाही, लाट कसली येते? अर्ध्या तासात फ्रिज विटांवर चढले, गाद्या माळ्यावर गेल्या. एकाने तर गाडी नेऊन फ्लायओव्हरवर लावली!

संध्याकाळी गोखले बाहेरून आले आणि दारातच थिजले.

"सावंत, अहो उष्णतेची लाट!"

काका शांतपणे म्हणाले, "मग वर घामाचं चित्र काढायचं होतं ना!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विटा काढल्या. राणे आजींनी सोडून.

राणे आजी तळमजल्यावर एकट्या राहतात. ऐंशी पार केलेल्या, अंगाने चिमूटभर. मुलगा पुण्याला. आतली खोली दुपारी भट्टीसारखी तापते, म्हणून त्यांचा लोखंडी पलंग मागच्या पत्र्याच्या पडवीत. आणि पडवीवर वाकलेला भलामोठा गुलमोहर. तो एका बाजूने पोखरलाय, वादळात कधीही खाली येईल, हे सोसायटीतल्या सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या बरोब्बर खाली आजी रोज दुपारी झोपायच्या. आमच्या समितीचं खरं काम एकच होतं, आजींचा पलंग तिथून हलवणं. बाकीच्या नोटिसा म्हणजे तोंडी लावणं.

काका पलंगाखालच्या विटा काढायला गेले तर आजी म्हणाल्या, "ऱ्हवांदेत. जून काय लांब नाय."

"अहो, पण पलंग केवढा उंच झाला! चढणार कशा?"

काकांनी घरून एक लाकडी स्टूल आणून दिलं, चढायला.

*

गुढीपाडव्याला गोखल्यांची दीड पानी नोटीस. वारा वाढलाय, गुढीची काठी ग्रिलला दोन ठिकाणी बांधावी, तांब्या घट्ट बसवावा, खाली उभ्या असलेल्या वाहनांचा व व्यक्तींचा विचार करावा.

दहा वाजता वाऱ्याचा एक झोत आला. इमारतीतली एकच गुढी सुटली. तांब्या तिसऱ्या मजल्यावरून थेट चेअरमनच्या गाडीवर पडला. बॉनेटला खोलगट वाटी झाली.

गोखले तणतणत खाली आले. "कोणाचा आहे हा तांब्या?"

काकांनी तांब्या उचलला, उलटा केला आणि तळाशी कोरलेलं नाव वाचलं. "सौ. गोखले यांस, सप्रेम भेट."

*

मग रंग आले. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. गोखल्यांनी तीन रंगांचा तक्ता केला, प्रत्येक रंगासमोर काय करावे, काय करू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या दामलेबाई तो बघून मला म्हणाल्या, "अगं नीला, नवरात्रात रंग असतात माहितीये. चैत्रात पण सुरू केले का?"

तक्ता काकांना पाठ होईना. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "चेअरमनसाहेब, मुंबईत रंग दोनच. एक चालतंय आणि दुसरा वाट लागली!"

*

ऑरेंज अलर्टचा नियम असा, की दुपारी बारा ते तीन गच्चीला कुलूप. आता एप्रिलमध्ये गच्ची बंद करणं म्हणजे बायकांशी उघड वैर. पापड, कुरडया, सांडगे यांना हवं असतं तेच ऊन, ज्यात माणसाने जाऊ नये. पण नियम तो नियम. बाराच्या ठोक्याला काकांनी कुलूप लावलं आणि खाली येऊन बसले.

पंधरा मिनिटांनी अंगणात एक पापड पडला. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा.

काकांनी वर न बघताच माइक उचलला, "गच्चीवरून कोणीतरी पापड टाकतंय! सोसायटीत स्वच्छता राखा!"

मग त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. गच्चीवरून?

दामलेबाई आणि आणखी दोघी वर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. फोन खाली, हाका मारून घसा सुकलेला. कुलूप उघडल्यावर दामलेबाई उरलेले पापड गोळा करून खाली उतरल्या. संध्याकाळी त्यांनी काकांकडे डबा पाठवला. त्यात एकच पापड होता, कच्चा!

*

यावर उपाय म्हणून गोखल्यांनी उष्माघाताचं मॉक ड्रिल ठेवलं. पेशंट कोण होणार? सगळे काकांकडे बघायला लागले. पापड अजून विसरला गेला नव्हता.

काका भर साडेबाराला अंगणात आडवे झाले. गोखले सूचना वाचू लागले. "कलम एक. प्रथम घाबरून जाऊ नये. कलम दोन. रुग्णाभोवती गर्दी करू नये..." बँकेच्या सवयीने प्रत्येक कलमानंतर थांबून, "काही शंका?" शंका विचारल्या जात होत्या. घाम येत असेल तर काय, नसेल तर काय, लिंबूपाण्यात साखर चालते का.

काका तळमळायला लागले. "काय अ‍ॅक्टिंग करतायत!" कोणीतरी म्हणालं. लोक मोबाइलवर शूटिंग करायला लागले. गोखले कलम पाचवर.

शेवटी काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "चेअरमन, सावलीत न्यायचं कितव्या कलमात आहे?"

"आठव्या."

"ते आधी घ्या."

*

गुलमोहराचं काय झालं म्हणाल तर अर्ज झाले, परवानगी आली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात फांद्या छाटणारी माणसंही आली. आजींनी खुर्ची काढली आणि झाडाखाली बसल्या.

"ह्यांनी लावलेला झाड आसा. लालबागच्या चाळीतून हय इलों, तेव्हा लावल्यानी. हात लावशात तर बघा!"

गोखल्यांनी परवानगीचा कागद पुढे केला. आजींनी तो घेतला, उलटसुलट बघितला आणि त्याने वारा घेऊ लागल्या. मग छाटणाऱ्या माणसांना त्यांनी आत बोलावलं. काका आणि मीही मागोमाग गेलो. पडवीत मस्त गारवा होता. स्टुलावर लाल माठ ठेवलेला, त्यात वाळा घातलेला. ज्याला त्याला दोन दोन पेले कैरीचं पन्हं मिळालं. पन्हं पिऊन माणसं बाहेर आली, मुकादमाने झाडाकडे बघितलं, आजींकडे बघितलं आणि गेटजवळच्या जास्वंदीच्या चार फांद्या छाटून निघून गेला.

काका परत आत गेले. "आजी, निदान पलंग तरी आत घेऊया. मी उचलतंय."

"माका खंय जावचा नाय. हय थंड वाटता."

त्यानंतर काका रोज दुपारी, आजी झोपायच्या आधी, त्यांची बेल वाजवून यायचे. पाणी प्यायलात? पलंग हलवूया? पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. त्यांना कोकणातली स्वतःची आई आठवायची, असं ते एकदा मला म्हणाले. मग लगेच विषय बदलला.

*

त्याच महिन्यातली ही शेवटची गोष्ट. सकाळपासून हवा कोंडलेली. दुपारी सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला. गोखल्यांनी पहिल्यांदाच नोटीस न लिहिता नुसतं सांगितलं, "सावंत, माइक घ्या." काकांनी सगळ्यांना झाडाखालच्या गाड्या काढायला लावल्या, कुंड्या आत घ्यायला लावल्या, गच्ची उघडून आधी आत बघितलं आणि मगच कुलूप लावलं.

मग आम्ही तिघं आजींच्या दाराशी गेलो. बेल वाजवली. एकदा, चारदा. दुपारी झोपताना आजी कानातलं मशीन काढून ठेवतात आणि दाराला आतून कडी घालतात. काका दारावर धपाधप हात मारत होते. "आजी! दार उघडा! आजी गे!" तो आवाज पलीकडच्या सोसायटीत ऐकू गेला असेल.

तेवढ्यात आकाश तपकिरी झालं. धूळ उठली, समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली. आणि मागच्या बाजूला कडाड् असा आवाज झाला. मग पत्रे फुटल्याचा.

आम्ही मागे धावलो. अर्धा गुलमोहर पडवीत होता. पत्रा फोडून जाड फांदी सरळ आत गेली होती. फटीतून पलंग दिसला. फांदी त्याच्यावर आडवी, मधोमध पलंगाला बाक आलेला, चादरीवर लाल फुलंच फुलं. उशीच्या जागी काय होतं ते मी बघितलं नाही. माझ्याने बघवलं नाही. गोखल्यांची एक चप्पल कुठेतरी राहिली होती. ते मोबाइलवर बोलत होते, पण त्यांना स्वतःच्या सोसायटीचा पत्ता आठवत नव्हता. "नदीजवळ... नदीजवळ..." एवढंच म्हणत होते.

काका पत्र्याच्या धारेवर हात टाकून आत चढले. पोटऱ्या खरचटल्या, बनियन फाटलं. फांदीशी पोचले आणि थांबले. ज्या माणसाचा आवाज कधी खाली आला नाही, तो अगदी हळू म्हणाला, "आजी?"

वारा एकदम पडला होता. पानं हलत नव्हती.

मग विटांवर चढवलेल्या त्या पलंगाखालून एक हात बाहेर आला. त्या हातात उशी होती. उशीमागून डोकं आलं, केसांत पत्र्याची भुकटी, गालावर लादीचा वळ. आजींनी चाचपून कानात मशीन बसवलं. वरच्या फांदीकडे बघितलं, मोडक्या पत्र्यातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं, मग काकांकडे.

"सावंता," त्या म्हणाल्या, "इली मां रे तुझी लाट?"