राहिलेला ‘ई’

पेन्सिलकाका दुसऱ्याच्या कागदावर कधी शाईने लिहीत नसत. कानावर टोक केलेली पेन्सिल, खिशात खोडरबर. चूक दिसली की शब्दाखाली बारीक रेघ, समासात बरोबर शब्द आणि कागद ज्याचा त्याला परत. “माझं पटलं नाही तर खोडायची सोय हवी,” म्हणत. सही झालेल्या कागदाला मात्र ते पेन्सिलही लावत नसत. “सही झाली की कागद त्या माणसाचा. दुरुस्ती त्यानंच करायची.”

वारज्याच्या आमच्या कारखान्यात ते इंग्रजी पत्रव्यवहार बघत, मी प्रशासन. सकाळी वहीत कामांची यादी लिहायची आणि झालेल्या कामावर काट मारायची, ही माझी जुनी सवय. काका एकदा डोकावून म्हणाले, “मॅडम, यादीत जेवण पण आहे का हो?” होतं. दीड वाजता.

एका नव्या इंजिनिअरने रजेच्या अर्जात लिहिलं, भावाचं लग्न ‘अटेन’ करायचं आहे. काकांनी त्याला टेबलापाशी बोलावलं.

“लग्न भावाचं ना?”

“हो काका.”

“मग ते तुम्ही कशाला मिळवताय? तुम्ही अटेंड करा, जेवा आणि सोमवारी या. अटेन काय ते भावाला करू द्या.”

त्यानंतर तो मुलगा साधी ईमेलसुद्धा काकांना दाखवून पाठवू लागला.

पुढे वरून ठरलं की पत्रं आता कॉम्प्युटरच तपासतो, तेव्हा काकांचं पद बंद. माझ्या वहीत नोंद झाली: ओळखपत्र, कपाटाची किल्ली, रिलीव्हिंग लेटर. पत्र मीच टाइप केलं. ऑफिसातलं काकांनी न तपासलेलं ते पहिलंच इंग्रजी पत्र असेल. त्यांचंच होतं, त्यांना दाखवणार कसं?

संध्याकाळी ते पत्र घेऊन आले. “मॅडम, ‘रिलीव्ह्ड’मधला एक ई राहिलाय. आयनंतरचा.”

“अर्थ कळतोय ना काका?”

“कळतो, पण दुसराच. रिलीव्ह म्हणजे मोकळं करणं. ई गेला की झालं रीलिव्ह. म्हणजे तेच पुन्हा जगणं. सव्वीस वर्षं परत काढायला सांगताय मला.”

मला मीटिंग होती. मी मान वर न करता म्हटलं, “आता कोण वाचतंय हो ते?”

“मी वाचतो ना.”

“बरं, उद्या देते.”

पेन्सिल कानावरच होती. “सवडीनं द्या. सही तुमची आहे,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी पत्र सुधारून पाकिटात घातलं. वहीत लिहिलं: धायरी, काकांचं पत्र. काका राहायचे धायरीला; वारज्याहून असं कितीसं लांब? कुरिअरने पाठवणं बरं दिसत नाही, स्वतः जाऊ, असं मनाशी म्हणत ती ओळ मी रोज पुढच्या पानावर उतरवत राहिले. दिवाळी गेली. वही संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावरही ती ओळ होती.

शेवटी गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. काकांना जाऊन दोन महिने झाले होते. ऑफिसात कोणी कळवलं नव्हतं; कोणी का कळवावं?

“तुम्ही त्या मॅडम ना? वाट बघायचे तुमची. मी म्हणायचे, विसरल्या असतील. तर म्हणायचे, छे, त्यांच्या यादीत असतं सगळं.”

त्यांनी फाइलमधून माझं जुनं पत्र काढलं. चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलची साधी रेघही नव्हती.

काकूंनी चष्मा लावून दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरली. “यात वेगळं काय आहे हो?”

मी नव्या पत्रातल्या त्या अक्षरावर बोट ठेवलं.

“एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं.

घरी येऊन वही उघडली. काट मारायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. ती ओळ मी अजूनही रोज सकाळी पुढच्या पानावर उतरवते.